करवत पुसलेली पहाट

उजू,

किळस हा प्रकार माझ्या धंद्याला परवडत नाही. अर्धं आयुष्य मी लोकांच्या तोंडात हात घालून काढलंय. पू, कुजलेली मुळं, तंबाखूचा काळा थर, हिरड्यांतून येणारा वास, सगळं बघून दुपारी त्याच हातांनी मी डबा खाते. तू नाक दाबून विचारायचीस, "शैले, तुला शिसारी येतच नाही का गं?" नाही यायची. मागच्या आठवड्यात आली. अंधेरीच्या त्या गारेगार हॉलमध्ये, तुझ्या फोटोसमोर, पांढऱ्या फुलांच्या ढिगाशेजारी. इतकी आली की मला उठून बाथरूम शोधावं लागलं.

तुझ्याबद्दल लिही, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. तुझी नोकरी, शिक्षण, तुला मिळालेली बक्षिसं, हे सगळं त्यांनी पडद्यावर दाखवून झालंय. मला ते लिहायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि बहुतेक भांडायचंय. आपलं एक भांडण अर्धवट सोडून तू निघून गेलीस. हे तुझ्या स्वभावात बसत नाही.

आपल्या नाहूरच्या बिल्डिंगमध्ये तू तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. तू अंधेरीच्या स्टुडिओत मालिकांना आवाज लावायचीस, म्हणजे संवाद सोडून बाकीचं सगळं: दाराची कडी, पावलं, भांडी, पंखा आणि पक्षी. मालिकेतल्या श्रीमंतांच्या घरी सकाळ झाली की कोकीळ ओरडलाच पाहिजे, हा तिथला नियम. दिवाळीच्या भागालासुद्धा. "दिवाळीत कोकीळ गप्प असतो रे बाबा," असं तू सांगून बघितलंस, तर दिग्दर्शक म्हणाला, "मॅडम, कोकिळेला नाही, प्रेक्षकाला सकाळ कळली पाहिजे." तुझ्या सोफ्यावर बसून तुझ्याबरोबर मालिका बघणं म्हणजे शिक्षा होती. नायिका रडत असायची आणि तू म्हणायचीस, "ऐक, ऐक, हा पक्षी भारतात नाहीच. रडतेय कोल्हापुरात आणि मागे ओरडतंय युरोप."

त्या कामाचा राग काढायला म्हणून तू स्वतःचा रेकॉर्डर घेतलास आणि सुट्टीच्या दिवशी भटकायला लागलीस. सोबत मला ओढायचीस. चारकोपला सेक्टरांच्या मागे, जिथं इमारती संपतात आणि खाजण सुरू होतं, तिथं तू मला एका रविवारी उभं केलंस. डास, चिखल, कुजका वास. मी काहीतरी बोलायला गेले तर तू म्हणालीस, "गप. आख्खा आठवडा दुसऱ्याचं तोंड उघडं ठेवतेस ना, आज स्वतःचं बंद ठेव." मी बंद ठेवलं. एक खंड्या ओरडत गेला, कुठंतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली, मग पुन्हा खंड्या. तू डोळे उघडे ठेवून ऐकायचीस. मला वाटायचं, ऐकणारी माणसं डोळे मिटतात. तू मिटायची नाहीस. तू पक्ष्याकडे टक लावून बघत असायचीस, समोरचा माणूस काय म्हणतोय ते नीट कळावं म्हणून आपण त्याच्या तोंडाकडे बघतो तशी.

आणि मढची ती दुपार? समुद्राकडच्या बंगल्यात कुठल्यातरी मालिकेचं शूटिंग चाललं होतं. गच्चीवर एक माणूस सुतळी बॉम्ब लावून कावळे उडवत होता, कारण खाली नायिकेला शांततेत रडायचं होतं. आपण कुंपणाबाहेर बसून हसून हसून मेलो. पुढच्याच आठवड्यात तो प्रसंग तुझ्याकडे कामाला आला. सूचना होती: मागे पक्ष्यांची किलबिल हवी. त्या रात्री जेवताना तू ताटावरून उठलीस. "आधी हाकलायचं आणि मग विकत आणायचं. घाण वाटते गं मला," म्हणालीस. मी म्हटलं, जास्त विचार करतेस. मला खरंच तसं वाटलं होतं.

मग आपल्या आवारातला सोनमोहर पाडायचं ठरलं. मे महिना होता, झाड पिवळंधमक झालेलं. कागदावर ते 'धोकादायक' होतं. प्रत्यक्षात तिथं गाड्या लावायच्या होत्या. त्याच्या खोडातल्या ढोलीत दयाळाच्या जोडीनं घरटं केलं होतं, हे आख्ख्या बिल्डिंगमध्ये दोघींनाच माहीत होतं, तू आणि तुझी आई. तू सेक्रेटरींकडे गेलीस. मी दारात उभी होते.

"काका, झाड पाडू नका असं म्हणतच नाही मी. फक्त थोडे दिवस थांबा. पिल्लं उडून जाऊ देत."

"उज्ज्वला, कटरवाले आत्ता मिळालेत. पावसाळा तोंडावर आहे. दोन पाखरांसाठी मशीन परत पाठवू?"

"पाच आहेत. तीन पिल्लं."

"बरं, पाच," असं म्हणून ते हसले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन आलं. तू ऑफिसला दांडी मारलीस आणि बाल्कनीत रेकॉर्डर लावून उभी राहिलीस. मी दुपारी जेवायला घरी आले तेव्हा अर्धं झाड खाली होतं आणि मावशी, तुझी आई, पालापाचोळ्यात वाकून काहीतरी शोधत होत्या. डब्याच्या झाकणात त्यांनी तीन पिल्लं गोळा केली. नुकते डोळे उघडलेले, अंगावर धड पिसं नाहीत. संध्याकाळपर्यंत तिन्ही गेली. नर आणि मादी मात्र गेली नाहीत. कधी एसीच्या डब्यावर, कधी कंपाउंडच्या भिंतीवर, कधी नुसत्या बुंध्यावर येऊन बसायची आणि ओरडायची. बारीक, लांब, शेवटाला खाली उतरत जाणारी शीळ. कटरवाले निघून गेले, लाकडाचा ट्रक गेला, दिवेलागणीची वेळ झाली तरी तीच शीळ. आणि तू वर उभी. मी हाक मारली, तर हातानंच 'नको' म्हणालीस.

ते रेकॉर्डिंग तुला लोकांना ऐकवायचं होतं. गेटजवळचा दुसरा सोनमोहरसुद्धा पाडायच्या यादीत होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तू स्पीकर घेऊन आलीस. आवाज नीट ऐकू यावा म्हणून स्टुडिओच्या मशीनवर तो मोठा करून आणला होतास. संध्याकाळचा तुकडा लावलास. सगळे गप्प झाले. मला वाटलं, पोचलं. मग दुसऱ्या विंगमधल्या काकू म्हणाल्या, "अगंबाई, किती गोड! मला मोबाइलवर पाठव ना, ध्यानाला बसताना लावेन."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच वाईट. माझ्या मागे कुणीतरी "प्रसन्न वाटलं हं" असंही म्हणालं. तू वायर गुंडाळलीस. काय ऐकलं ते तू त्यांना सांगायला हवं होतंस, असं मी जिन्यात म्हटलं. तू म्हणालीस, "सांगून कळतं ते ऐकणं नसतं, शैले." दुसरं झाड वाचलं. तुझ्यामुळे नाही. गणपतीच्या मांडवाची दोरी बांधायला त्याची फांदी लागते, म्हणून.

हे सगळं विसरायला झालं असतं. मग तुझी दाढ दुखायला लागली.

माझ्या मुलुंडच्या दवाखान्यात मी तेव्हा पक्ष्यांचे आवाज लावत होते. रिसेप्शनच्या मुलीनं मोबाइलवर एक ॲप घेतलं होतं. मन शांत करणारे आवाज, कामात लक्ष लागावं म्हणून आवाज, झोपेसाठी आवाज. झरा, पाऊस, पक्षी. ड्रिलची किरकिर त्यात जरा बुडायची आणि लोकांच्या खुर्ची घट्ट धरलेल्या मुठी सुटायच्या. मी हे डोळ्यांनी बघितलंय, आणि हे मी आजही मागे घेणार नाही.

तू खुर्चीत होतीस. भूल दिलेली, दातावर रबराचा पडदा लावलेला, तोंड पूर्ण उघडं. मी मूळ साफ करत होते. वर स्पीकरवर पाण्याचा आवाज संपला आणि नवीन ट्रॅक सुरू झाला. तू एकदम माझं मनगट पकडलंस.

"दुखतंय?"

तू मान हलवलीस. नाही. डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, भूल कमी पडली. मी आणखी एक इंजेक्शन दिलं. तू मनगट सोडेनास. बोटानं वर दाखवत राहिलीस, स्पीकरकडे. मी म्हटलं, "आवाज मोठा आहे? कमी करू?" तू घशातून काहीतरी ओरडलीस. शेवटी मी पडदा काढला. अर्धा ओठ बधिर, लाळ गळतेय, आणि तशीच तू म्हणालीस, "हा आपला दयाळ आहे."

मी ऐकलं. झऱ्याच्या खळखळाटात मिसळून तीच शीळ, बारीक, लांब, शेवटी उतरणारी. ट्रॅकचं नाव होतं 'प्रसन्न पहाट'. संध्याकाळ होती ती, उजू. ती पहाटसुद्धा नव्हती.

दात तसाच तात्पुरता बुजवून मी तुझ्याबरोबर अंधेरीला आले. तुझा स्टुडिओमालक केदार. माझ्याशी हात मिळवून त्यानं आधी कॉफी मागवली. त्या ॲपसाठी आवाज पुरवायचं काम त्यानं घेतलं होतं आणि स्टुडिओच्या मशीनवर तुझी फाइल त्याला सापडली होती. करवत थांबायची तेवढ्या फटी त्यानं जोडल्या, पुढे संध्याकाळचा तुकडा लावला, खाली झरा घातला. हे सगळं तो कौतुकानं सांगत होता. आपण जणू सत्कार करून घ्यायला आलो होतो.

"यार उजू, तुला सांगणारच होतो. सुपरहिट आहे तुझा ट्रॅक. कमेंट्स वाच ना. एकीचं बाळ ह्याच्याशिवाय झोपत नाही. पोरं परीक्षेचा अभ्यास करतात हे लावून."

"केदार, पिल्लं मेल्यावरचं ओरडणं आहे ते."

"हो गं, पण ते कुणाला कळतंय?"

तो पुढे म्हणाला, "आणि खरं सांग, पक्ष्याला काय आठवतं? दुसऱ्या दिवशी दुसरं घरटं. आपणच उगाच त्यात सेंटी होतो. लोकांना शांत वाटतंय, चांगलंच आहे ना?"

तू तुझे हेडफोन उचललेस, कपाटातला चहाचा मग उचललास आणि निघालीस. त्या स्टुडिओत पुन्हा पाऊल टाकलं नाहीस. खाली उतरल्यावर रस्त्यावरच्या ज्यूसवाल्याकडे गेलीस आणि म्हणालीस, "भैया, जरा पाणी डालो." त्यानं जगनं पाणी ओतलं आणि तू कोपरापर्यंत हात धुतलेस. पुन्हा धुतलेस. तो म्हणाला, "मॅडम, रंग लगा है क्या?" तू म्हणालीस, "हां."

त्यानंतर आपलं भांडण झालं, तेच हे अर्धवट राहिलेलं. मी तुझा ट्रॅक त्याच दिवशी बंद केला होता. बाकीचे पक्षी मात्र दवाखान्यात चालूच ठेवले होते. दाढेची टोपी बसवायला आलीस तेव्हा ते ऐकून तू दारातच थांबलीस.

"अजून?"

"हा तुझा नाही."

"मग कुणाचा आहे? कुठल्या देशातला? कशाला ओरडतोय ते माहितीये तुला?"

"नाही माहीत. मला एवढं माहितीये की काल एक बाई आली होती. भीतीपोटी वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढलं तिनं. ह्या आवाजात तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. त्याचं काय करू?"

"तिचा हात धर ना."

"माझे दोन्ही हात तिच्या तोंडात असतात, उजू!"

तू हसलीस. हसायचं नव्हतं तुला, पण हसलीस. मग पर्स उचलून म्हणालीस, "ह्याचं उत्तर आहे माझ्याकडे. नीट विचार करून देते." टोपी न बसवताच गेलीस. काही दिवस जिन्यात समोर आलीस तर मान वळवायचीस. मग एका सकाळी दारात वाटी घेऊन उभी राहिलीस, मावशींनी केलेली खीर होती, पौर्णिमेची. भांडणाचा विषय काढला नाहीस. मीही नाही. वेळ आहे, असं वाटत होतं.

वेळ नव्हता. पोटाचं दुखणं कळलं तेव्हाच ते हाताबाहेर गेलेलं होतं. त्या महिन्यांचं काही लिहीत नाही. एकच दिवस लिहिते. सलाइन लावून बसवतात त्या वॉर्डात भिंतीवर टीव्ही होता. त्यावर दिवसभर धबधबा, हिरवं रान आणि पक्ष्यांची किलबिल. माझं डोकं फिरलं. मी सिस्टरना म्हटलं, बंद करा हे. पलीकडच्या खाटेवर एक काका होते, त्यांची बायको घाईघाईनं म्हणाली, "राहू द्या ना हो, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा." मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "राहू दे गं. झोपलाय तो."

मला वाटलं, आता म्हणावं: बघ, मी म्हणत होते ना? नाही म्हटलं. तुझं मत बदललं होतं, की तू दमली होतीस, की परक्या माणसाच्या झोपेपुढे तुला तुझा राग लहान वाटला, हे मी विचारलं नाही. तू त्या टीव्हीकडे उघड्या डोळ्यांनी बघत होतीस. तोच चारकोपचा चेहरा. कदाचित तुला कळतही असेल तो पक्षी काय म्हणतोय ते. तेही मी विचारलं नाही.

मावशींनी आणि नातेवाइकांनी मुलुंडच्या विहारात तुझं पुण्यानुमोदन केलं. साधं, नीट. त्रिशरण झालं, भन्तेजी थोडकं बोलले, मावशी रडल्या, मी रडले, सगळ्यांनी जेवण केलं. तिथं थांबायला हवं होतं. पण केदारचा फोन आला. इंडस्ट्रीतली माणसं तुझ्यासाठी कार्यक्रम करणार आहेत, आईंना आणा. मावशींना जायचं होतं. तुझ्या कामाच्या जागची माणसं त्यांनी कधी बघितली नव्हती. त्यांनी ती पांढरी, निळ्या काठांची साडी नेसली.

हॉलमध्ये शिरताना हातात गुलाबपाणी शिंपडलेला टिश्यू देत होते. पडद्यावर तुझा फोटो आणि खाली 'ध्वनीची साधिका'. तुला हे दिसलं असतं तर तू खुर्ची फेकली असतीस. केदार बोलला. तुमचे मतभेद झाले हे त्यानं 'क्रिएटिव्ह डिफरन्सेस' असं म्हटलं, आणि थोडं रडलाही. ते खरंही असेल, मला ठाऊक नाही. मग एक बाई माइकवर आल्या, त्या ॲपच्या. मऊ आवाजात म्हणाल्या, "उज्ज्वलाजी त्यांच्या आवाजातून आपल्यात आहेत. पाठ ताठ ठेवा. डोळे मिटा. त्यांच्या पहाटेत एक दीर्घ श्वास घ्या."

आणि तो सुरू झाला.

चारी बाजूंनी, मोठ्या स्पीकरवर, झऱ्यासकट. आख्खा हॉल डोळे मिटून बसला होता. छात्या वरखाली होत होत्या. माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाच्या चेहऱ्यावर मंद हसू होतं. ते बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीआधी सुटतं तसं. मी मावशींकडे बघितलं. त्यांनीही डोळे मिटले होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी सुटलेली दिसत होती. त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि ढिला होता.

मी तो हात सोडला आणि उठले.

"बंद करा हे," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही, म्हणून ओरडले. डोळे उघडले एकेकाचे. "ही पहाट नाही. आमच्या आवारात झाड पाडलं, त्यातलं घरटं खाली पडलं, पिल्लं मेली. त्या दिवशी संध्याकाळी त्यांचे आईबाप ओरडत होते, तो आवाज आहे हा. तिला हे विकायचं नव्हतं. तिनं ह्यापायी नोकरी सोडली. तुम्ही तिच्याच फोटोसमोर त्यावर श्वास घेताय."

आवाज बंद झाला. एसीची घरघर तेवढी राहिली. केदार हळूच म्हणाला, "ताई, सगळेच इमोशनल आहोत. आपण दोन मिनिटं मौन पाळूया." आणि ते सगळे उभे राहून पुन्हा डोळे मिटून मौन पाळायला लागले! तेव्हा मी बाथरूमकडे धावले. बाहेर येताना दोन मुली लिफ्टजवळ बोलत होत्या. एक म्हणत होती, "क्रीपी आहे यार. पण ट्रॅक छान आहे ना?"

टॅक्सी पवईला आली. मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला ऐकू द्यायचं होतंस."

"मावशी, तुम्हाला माहीत नाही तो आवाज कसला..."

"मला माहीत नाही? मी उचलली ती पिल्लं, शैला. मी पुरली कुंडीत. पण तो आवाज येत होता तेव्हा ती बाल्कनीत उभी होती ना? तो ऐकला तेवढा वेळ ती अजून उभीच आहे असं वाटलं मला. तू बसवलंस तिला खाली."

तुझ्यासारखं उत्तर उधार ठेवण्याइतकी हुशारी माझ्यात नाही.

दोन दिवसांनी केदारचा फोन. माझ्या भावना त्याला समजतात. त्यानं ट्रॅकचं नाव बदललंय, 'उज्ज्वलाच्या आठवणीत', आणि वर तुझा फोटो टाकलाय. मी म्हटलं, काढून टाक. तो म्हणाला, "आईंना विचारा ना ताई. त्या म्हणाल्या तर आत्ता काढतो." त्याला खात्री होती. त्यानं मावशींचा हॉलमधला चेहरा बघितला होता.

मी वर गेले. मावशींना सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की हो म्हणायचं तर म्हणा, मी मध्ये येणार नाही. त्यांनी विचार केला. मग तुझा लॅपटॉप आणून माझ्यासमोर ठेवला. "त्यानं कापलेला नको. तिनं घेतलेला लाव. सगळा."

दुपारची वेळ होती. बाल्कनीचं दार उघडं, खाली सोनमोहराच्या जागी कव्हरं घातलेल्या गाड्या ओळीनं उभ्या. मी लावला, दिवसभरात तू तुकड्यातुकड्यांनी घेतलेला, तासाभराचा. करवत एवढी मोठी आली की मावशींनी खुर्ची धरली. माणसांची आरडाओरड, फांदी मोडल्याचा आवाज, ट्रकचा रिव्हर्स हॉर्न. आणि मध्येच अगदी माइकजवळ, दबक्या आवाजात, तू: "हरामखोर साले. जरा थांबले असते तर काय मेले असते का?" मग सेक्रेटरींच्या सात पिढ्या. मग मला: "आणि ही शैली दात उपटत बसलीये तिकडे." मग मावशींचा स्वतःचा आवाज, लांबून, "उजू, निदान पाणी तरी पी." आणि तू, "आई, श्शू!"

मावशी हसल्या. पदर तोंडाला लावून, हलून हलून हसल्या, आणि त्यातच रडल्या. केदारनं आणि ॲपवाल्यांनी नुसती करवत पुसली नव्हती, उजू. तुलाही पुसलं होतं. तुझा राग, तुझ्या शिव्या, तुझा चिडका श्वास. त्यात शांत काहीही नव्हतं. ते सगळं काढल्यावर उरली ती त्यांची शांतता.

करवत थांबली. ट्रक गेला. शीळ सुरू झाली. तू त्यानंतर एक शब्द बोलली नाहीस. मी थांबवायला हात पुढे केला तर मावशींनी तो धरला. आम्ही दोघी ऐकत राहिलो, डोळे उघडे ठेवून, फाइल संपेपर्यंत.

"काढायला सांग त्याला," मावशी म्हणाल्या.

त्यानं काढला. कुठं कुठं कॉपी झाला असेल, कुणाकुणाच्या झोपेत अजून वाजत असेल, ते माझ्या हातात नाही. दवाखान्यात मी आता काहीच लावत नाही. तू जिंकलीस म्हणून नाही, तसं समजू नकोस. पक्षी लागले की मी ड्रिल थांबवून ऐकत बसते, आणि ते माझ्या धंद्याला परवडत नाही. पेशंट घाबरतात. वर्षानुवर्षं घाबरून दुखणं काढणारी ती बाई परत येईल तेव्हा मी काय करणार, ते मला अजून कळलेलं नाही.

लॅपटॉप मिटून मी जायला उठले, तर मावशी बाल्कनीतून खाली बघत होत्या.

"मग ती दोघं गेली कुठं गं?"

"कोण?"

"दयाळ. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत होती. सकाळी नव्हती."

मी म्हटलं, मला माहीत नाही. तुला माहीत असणार. सकाळी सगळ्यांत आधी उठून तू गच्चीवर गेली असणार, गेटजवळच्या झाडाखाली उभी राहिली असणार, रेल्वेलाइनीपर्यंत चालत जाऊन आली असणार. माझी खात्री आहे. एवढी वर्षं आपण रोज बोललो, आणि हे मी तुला एकदाही विचारलं नाही.